सिसिली की सार्डिनिया?

भाचीला इटलीत दहा दिवस मिळालेत, बेट एकच जमणार. आकाराने दोन्ही जवळपास सारखी, साधारण २५ हजार चौरस किलोमीटर. पण सिसिलीत सुमारे ४८ लाख लोक, सार्डिनियात जेमतेम १६ लाख. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, म्हणून तर मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज.

इतिहासासाठी मी सिसिलीच सांगेन. पालेर्मोच्या कापेल्ला पालातिनात मान वर करून बघावं: बाराव्या शतकातल्या नॉर्मन राजाचं प्रार्थनाघर, भिंतींवर बायझंटाइन सोनेरी मोझाइक, आणि वर अरबी शैलीचं कोरीव, रंगवलेलं लाकडी छत. तीन संस्कृती एका खोलीत! सार्डिनियाचा ठेवा त्याहून जुना: नुरागे, कांस्ययुगातले दगडी बुरूज, हजारोंनी विखुरलेले. बारुमिनीचा बुरूज १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

खर्चात सिसिली हलकी. मोठी शहरं रेल्वेने जोडलेली. इटलीच्या मुख्य भूमीवरची गाडी मेस्सिनाची सामुद्रधुनी चक्क बोटीत बसून ओलांडते. सार्डिनियात मोटार भाड्याने घेतल्याशिवाय फारसं दिसत नाही, आणि १९६० च्या दशकात आगाखानांनी वसवलेला कोस्टा स्मेराल्दा हा किनारा तर श्रीमंतांचाच.

निवांत किनारे, मोकळे डोंगर हवेत आणि मोटार चालवता येते, त्यांनी सार्डिनिया गाठावं. शहरं, ग्रीक देवळं, एटना ज्वालामुखी आणि खाणं हवं त्यांनी सिसिली. भाचीला मोटार येत नाही. तिने पालेर्मोचंच तिकीट काढावं.