नेटवर्क ड्रायव्हर: स्वतःकडे ठेवायचा की मेनलाइनला द्यायचा?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत उपसा सिंचनाच्या पंपांसाठी किंवा साखर कारखान्यांसाठी गेटवे (यंत्रांना नेटवर्कशी जोडणारी पेटी) बनवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. बोर्डावर इथरनेट स्विच चिप, तिचा ड्रायव्हर (कर्नलला चिप चालवायला शिकवणारा कोड) चिपवाल्याच्या एसडीकेतला, म्हणजे चिपसोबत मिळणाऱ्या कोडच्या गठ्ठ्यातला, लिनक्स कर्नल ५.४ साठी लिहिलेला. आता नव्या बोर्डाला ६.६ हवा. मग हा ड्रायव्हर स्वतःच सांभाळत राहायचा, की मेनलाइनला, म्हणजे लिनक्स कर्नलच्या मूळ सामायिक सोर्समध्ये, द्यायचा?

ड्रायव्हर स्वतःकडे ठेवला तर सुरुवात सोपी. कुणाला विचारायचं नाही, आठवड्यात माल बाहेर. पण युजरस्पेसला, म्हणजे कर्नलवर चालणाऱ्या प्रोग्रामांना, दिलेला शब्द कर्नल पाळतो, आतल्या फंक्शन्सबद्दल मात्र तसा कुठलाच वायदा नाही. ५.६ मध्ये ट्रान्समिट टाइमआउटच्या कॉलबॅकला एक पॅरामीटर वाढला. ५.१७ पासून मॅक पत्ता थेट लिहिता येत नाही, हेल्पर फंक्शन लागतं. ६.१ मध्ये नॅपी (आलेली पॅकेट गठ्ठ्यानं उचलायची कर्नलची सोय) नोंदवतानाचा वेट हा पॅरामीटर काढला. हे सगळं ५.४ ते ६.६ च्या वाटेवरच येतं. यातलं काही कंपाइल होताना तरी ओरडतं. लॉकिंगचे (एकाच डेटाला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणूनच्या कुलपांचे) बदल तेही करत नाहीत. उसाच्या खोडव्यासारखं आहे हे: पहिला खोडवा स्वस्तात पडतो, पुढं टनेज घटत जातं. त्यात हे काम करणारा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचा पोरगा पुण्याला गेला की ड्रायव्हर वाचणारं कुणी उरत नाही.

कोड गुपित राहील म्हणून ठेवत असाल, तर कर्नलमध्येच बदल करून बोर्ड विकल्यावर कर्नलच्या परवान्याप्रमाणे, म्हणजे जीपीएल आवृत्ती २ प्रमाणे, ग्राहकाला सोर्स द्यावाच लागतो.

मेनलाइनचा खर्च सगळा आधी येतो, आणि तो कमी नाही. एसडीकेतला ड्रायव्हर जसाच्या तसा कुणी घेणार नाही. स्विच असेल तर डीएसए या कर्नलच्या स्विचसाठीच्या चौकटीत बसवावा लागतो: प्रत्येक पोर्ट स्वतंत्र इंटरफेस दिसला पाहिजे, आयपी, ब्रिज, इथटूल या नेहमीच्या कमांड त्यावर चालल्या पाहिजेत. चिपवाल्याच्या खासगी आयओसीटीएल (ड्रायव्हरला थेट द्यायच्या आज्ञा) जातात. म्हणजे अर्धं पुन्हा लिहिणं आलं. कर्नलच्या नेटवर्किंग विभागाच्या दोन सोर्स शाखा आहेत: नवं काम नेट-नेक्स्टमध्ये, दुरुस्त्या नेटमध्ये; मर्ज विंडोच्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीत नवं काम घेण्याच्या, दोन आठवड्यांत नेट-नेक्स्ट बंद. एकदम पाठवलेल्या एका मालिकेत पंधरापेक्षा जास्त पॅच (बदलांचे तुकडे) नकोत, सुधारून पुन्हा पाठवायला किमान २४ तास थांबायचं. लोकल व्हेरिएबलच्या ओळी लांबीच्या उतरत्या क्रमानं लावायलाही सांगतात. यात चिडण्यासारखं बरंच आहे.

मिळतं काय? पुढं आतलं फंक्शन बदलणारा माणूसच तुमचा ड्रायव्हरही बदलून देतो. माझ्या मते सगळा सौदा या एका ओळीत आहे. अर्थात मेंटेनर (तो कोड सांभाळणारा) म्हणून नाव लावलं की ईमेलला उत्तर द्यावं लागतं. वापरणारं आणि सांभाळणारं कुणी नसलं की कोड काढूनही टाकतात; डेकनेट हा जुना नेटवर्क प्रोटोकॉल ६.१ मध्ये असाच गेला.

एकाच ऑर्डरचा बोर्ड असेल आणि एकाच एलटीएसवर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या कर्नल आवृत्तीवर) संपणार असेल, तर स्वतःकडेच ठेवा. पाच वर्षं तीच चिप विकायची असेल, तर पाठवा. आणि गरज फक्त पॅकेट मोजायची किंवा गाळायची असेल, तर ड्रायव्हरला हातच लावू नका, ४.८ पासून एक्सडीपी आहे; त्यात पॅकेट आल्या आल्या तपासणारा छोटा प्रोग्राम बाहेरून कर्नलमध्ये घालता येतो.

पाठवायचं ठरलं, तर पहिल्या मालिकेत डिव्हाइस ट्री बाइंडिंग (बोर्डावर चिप कशी जोडली हे कर्नलला सांगायचा ठरलेला नमुना) आणि पोर्ट वर येण्यापुरता ड्रायव्हर एवढंच ठेवा. व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्क) आणि पोर्टची आकडेवारी नंतर.