खोटी 'जंगल कार्बाइन' आणि गालावर आलेला जाळ

माझी फसवणूक पैशांपुरती राहिली असती तर कदाचित गप्प बसलो असतो. पण ज्या रायफलीवर मी भाळलो, तिच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, काडतुसाचे दोन तुकडे झाले आणि तापलेला वायू बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) कडेने मागे येऊन गालावर आदळला. संरक्षक चष्मा होता म्हणून डोळे वाचले. जुन्या लष्करी रायफली किंवा त्यांच्या नव्या प्रतिकृती घ्यायच्या विचारात जे असतील त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहितोय.

ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीचं मला फार वर्षांचं वेड. तिचा बोल्ट इतका सुळकन चालतो की रायफल खांद्यावरून न हलवता पुढची गोळी आत जाते. तिचं नं. ४ हे मॉडेल माझ्याकडे होतंच. ओढ होती ती नं. ५ ची, जिला सगळे 'जंगल कार्बाइन' म्हणतात त्या आखूड नळीच्या रायफलीची. नं. ४ ची नळी साधारण ६४० मिलिमीटर, नं. ५ ची ४७८. वजन चार किलोंवरून सव्वातीनच्या आसपास आणलेलं. नळीच्या तोंडाशी गोळीचा जाळ झाकणारा नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर, दस्त्याच्या टोकाला रबराची गादी. १९४४ ते १९४७ एवढ्याच काळात ती इंग्लंडमधल्या फझाकर्ली आणि शर्ली इथल्या कारखान्यांत बनली. मागणी दांडगी आणि माल मर्यादित, त्यामुळे महायुद्धानंतर शिलकी नं. ४ च्या नळ्या कापून, तसाच फ्लॅश हायडर चढवून कार्बाइन बनवण्याचा धंदाच सुरू झाला. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी फसलो.

विक्रेता बोलायला अतिशय मृदू होता. रायफल १९४५ ची, फझाकर्लीची, जवळजवळ न वापरलेली, सगळे क्रमांक जुळणारे, असं त्याने सांगितलं. फोटो भरपूर पाठवले. आणि एक गोष्ट सांगितली, तिथेच मी विरघळलो. त्याचे आजोबा १९४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात लढले, ही त्यांच्याच हातातली रायफल, घरात आता कुणाला आवड नाही म्हणून योग्य माणसाकडे जावी एवढीच इच्छा. मी स्वतःला तो योग्य माणूस समजलो. १९४३ मध्ये ही रायफल कारखान्यातसुद्धा नव्हती आणि १९४५ ची रायफल १९४३ च्या लढाईत असू शकत नाही, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय, असं तो म्हणाला आणि मी कित्येक महिन्यांची साठवलेली रक्कम देऊन मोकळा झालो. परवान्याची कागदपत्रं चोख होती. कागदावर फक्त '.३०३ बोल्ट-ॲक्शन रायफल' आणि क्रमांक होता. 'अस्सल', 'नं. ५', '१९४५' यातला एकही शब्द लेखी नव्हता, हे मी नंतर पाहिलं.

पहिल्या दिवशी रेंजवर शंभर मीटरवर गोळ्या वाटेल तिकडे जात होत्या. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नं. ५ चा झिरो भटकतोच, सगळ्यांना माहीत आहे." झिरो म्हणजे साइटवर लावलेला नेम. हे खरंच आहे. नं. ५ ची ही तक्रार तिच्या लष्करी काळापासूनची आहे. पण त्याच खऱ्या गोष्टीच्या आड त्याने वाईट कापलेली नळी लपवली. ज्याला विषयाची थोडीफार माहिती आहे अशा माणसाला त्याच्याच माहितीने गप्प करता येतं, ते असं.

काडतुसांच्या रिकाम्या केसेस (पितळी पुंगळ्या) मी घरी आणल्या, पुन्हा भरल्या. बुडापासून थोडं वर प्रत्येक केसवर एक चकचकीत वळं उमटलं होतं. ते मला दिसलं होतं, हे मी लपवणार नाही. ली-एनफिल्डच्या बोल्टचे अडकण मागच्या बाजूला असतात, चेंबर ऐसपैस असतो, केस थोडी ताणतेच, असं म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या खेपेला चौथ्या गोळीला केस त्या वळ्यावरच तुटली. बूड बोल्टबरोबर बाहेर आलं, पुढचा भाग चेंबरमध्ये चिकटून राहिला. गाल पंधरा दिवस दुखत होता.

मग रायफल एका अनुभवी आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. फील्ड गेज, म्हणजे मोजायचं ठरीव जाडीचं माप, चेंबरमध्ये ठेवलं आणि बोल्ट ढकलला. .३०३ ला हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कडा जिथे टेकते ती जागा यांतलं अंतर, .०६४ इंच ते .०७४ इंच या हद्दीत हवा. .०७४ च्या गेजवर बोल्ट बंद होताच कामा नये. माझा बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. तो आवाज ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. नं. ४ आणि नं. ५ च्या बोल्टचं डोकं सुटं असतं, ० पासून ३ पर्यंत चार मापांत येतं, आणि प्रत्येक रायफलीला मोजूनच बसवायचं असतं. इथे बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा होता. त्याच्या दांड्यावरचा जुना क्रमांक घासून नवा ठोकला होता, आणि डोकं हाताला लागलं ते लावलं होतं.

पुढचा अर्धा तास ते एकेक जागा दाखवत गेले. वरचं लाकडी हँडगार्ड काढलं. खऱ्या नं. ५ मध्ये चेंबरभोवतीच्या जाड भागाला वजन घटवण्यासाठी खाचा घेतलेल्या असतात. इथे तो भाग नं. ४ चा असतो तसा सलग, भरीव. विक्रेत्याने पाठवलेल्या एवढ्या फोटोंत हँडगार्डखालचा एकही नव्हता. बोल्टची मूठ अस्सल असती तर आतून पोखरलेली असती. ही भरीव होती. मागच्या साइटचे आकडे नं. ५ वर ८०० यार्डांपर्यंत असतात, माझ्या साइटवर १३०० होते. फोटोंत तेही कुठे दिसत नव्हते. फ्लॅश हायडर पिना ठोकून नव्हे, बारक्या स्क्रूने अडकवला होता. आणि रिसीव्हरच्या (ज्यात बोल्ट सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या) डाव्या अंगावर, जिथे फझाकर्लीचं नाव कोरलं होतं, तिथे बोट फिरवल्यावर बारीकसा खळगा लागत होता. आधीचं कोरीव काम घासून काढल्याची ती खूण. पाच मिनिटं आणि एक स्क्रू-ड्रायव्हर, एवढ्यात हे सगळं खरेदीआधी कळलं असतं. उघडून बघू द्याल का, असं मी विक्रेत्याला विचारलंच नाही, कारण आजोबांच्या आठवणीला हत्यार लावणं मला उद्धटपणाचं वाटलं.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याचा सूर बदलला होता. "मला जे सांगितलं गेलं ते मी तुम्हाला सांगितलं," एवढंच तो म्हणाला. माझ्याकडे त्याचं बोलणं लेखी नव्हतं. पैसे परत आले नाहीत.

प्रतिकृतीबद्दल मात्र माझ्या मनात अढी नाही, हे मुद्दाम सांगतो. याच आकाराची एक आधुनिक कार्बाइन मी नंतर घेतली. ती इशापूरच्या २ए१ वर बेतलेली आहे. इशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाचा जास्त दाब सोसेल अशा पोलादात ती मूळ रायफल बनवली होती. नव्या बनवणाऱ्याने स्वतःचं नाव अंगावर ठोकलंय, युद्धातली असल्याचा आव आणलेला नाही. तिचे सुटे भाग मिळतात, गेज बरोबर बसतं, आणि एखाद्या दुर्मीळ वस्तूची झीज होतेय अशी टोचणी न लागता मी तिच्यावर मनसोक्त गोळ्या झाडतो. एखाद्या कार्बाइनवर 'जंगल कार्बाइन' असेच शब्द ठोकलेले दिसले, तर ती नंतर कुणीतरी विक्रीसाठी बनवलेली आहे असं समजा. ब्रिटिश सैन्यात ते अधिकृत नाव कधीच नव्हतं. तसं उघड लिहिलेली रायफल घ्यायला माझी हरकत नाही, फक्त किंमत त्या हिशेबाने द्या आणि हेडस्पेस मोजल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.

ती पहिली रायफल अजून माझ्याकडेच आहे. मध्यंतरी एकाने विचारलं होतं, बोल्टचं डोकं बदलून 'फझाकर्लीची' म्हणूनच विकतोस का, घेणारा तयार आहे. मी नाही म्हटलं. आर्मररकडून तिच्या दस्त्याच्या बुडावर, रबरी गादीखाली, 'नं. ४ कापून बनवलेली, मूळ बोल्ट नाही' असं खोल कोरून घेतलंय. बोल्ट काढून वेगळा ठेवला आहे.