चांदोरचा वाडा की केप्याचा?

दक्षिण गोव्यात एकच जुना वाडा बघायला वेळ असेल, तर कुठला? माझं मत चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझा घराला.

सतराव्या शतकात मूळ धरलेलं हे घर पुढे वाढत गेलं आणि एकाच कुटुंबाच्या दोन शाखांत वाटलं गेलं. समोरून पाहिलं की दुमजली दर्शनी भागावर खिडक्यांची लांबच लांब रांग दिसते. आत झुंबरं, कोरीव शिसवी खुर्च्या, चिनी मातीची भांडी. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं बसवलेली असत. त्यांतून येणारा दुधी उजेड डोळ्यांना अजिबात टोचत नाही. पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं हे घर. त्यांच्या ग्रंथसंग्रहासमोर तरी घाई करू नका. वंशजांनीच सांभाळलेलं असल्याने कुठे रंग उडालाय, कुठे लाकूड थकलंय. मला ते खटकत नाही, पण डागडुजीचा एवढा भार एकट्या कुटुंबावर पडावा याचं वाईट वाटतं.

केप्याचा पालासियु दो देआंव, म्हणजे डीनचा वाडा, 1787 चा, जुझे पावलू या पोर्तुगीज डीनने (चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूने) बांधलेला. चर्चसमोर, कुशावती नदीकाठी. पडझड झालेली ही वास्तू अलीकडच्या मालकांनी निगुतीने उभी केली. बाग सुरेख आहे, आणि जीर्णोद्धार कसा करावा हे शिकायचं असेल तर इथेच जावं. फक्त इथलं सामान बरंचसं नंतर जमवलेलं आहे. चांदोरला पिढ्यांनी वापरलेल्या वस्तू त्याच घरात आहेत, म्हणून माझा कौल तिकडे.