नारळ फोडून घरीच उघडा, असं तो म्हणाला होता

गेल्या जानेवारीत मी नागपुरातून व्हिडिओसाठी कॅमेरा आणला आणि ५७,९०० रुपयांना फसलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण आमच्या भागातली अजून दोन-तीन पोरं कॅमेरा घ्यायला नागपूरला निघाली आहेत असं कानावर आलं, म्हणून जे घडलं ते सगळं लिहितो आहे.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. तीन वर्षांपासून मोबाइलवर आमच्याकडच्या मामा तलावांचे व्हिडिओ करतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारीच्या काळातले. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. पार (तलावाचा बांध) कशी घातली, तुडूम (पाणी सोडायचं दार) कोण उघडायचं, सलांगीवरून (जास्तीचं पाणी जायची वाट) पाणी कुठे जायचं हे सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि मला त्यांचं बोलणं नीट साठवायचं आहे. मोबाइलवर ते जमेना. पारीवर वारा इतका असतो की आवाजात नुसती घरघर येते, आणि नवेगाव बांध तलावावरचे पक्षी मोबाइलच्या झूममध्ये ठिपक्याएवढे दिसतात.

पैसे धानाच्या चुकाऱ्याचे होते. त्यातले ३८,००० बाजूला ठेवले, २०,००० आईने बचत गटातून उचलले.

सोनी झेडव्ही-ई१० घ्यायचा हे आधीच ठरलं होतं. लेन्ससकट तो बाहेर सत्तर हजारांच्या आसपास होता, या दुकानाने फोनवर ५४,००० सांगितले. दुकान दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. मालकाने गाव विचारलं आणि म्हणाला, "अर्जुनीकडचे का? आमची आत्या वडशाची हो." लगेच चहा मागवला. काउंटरवरचा कॅमेरा हातात दिला, त्याचा मेन्यू इंग्रजी होता, चित्र स्वच्छ होतं. चालताना हलतं का विचारलं, तर "अजिबात नाही, भाऊ" म्हणाला. खरं तर या कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय, नाही. सॉफ्टवेअरचं आहे, पण ते चालू केलं की चित्र कापलं जातं आणि हात लांब करून धरला तरी चौकटीत सगळा चेहराच भरतो. धुऱ्यावरून चालत बोलणाऱ्याला हे आधी कळायला हवं. ते मी स्वतः शोधायला हवं होतं.

पक्क्या बिलाचं विचारलं. "बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर लागेल. घरचा माणूस म्हणून सांगतो, चिठ्ठीवर घ्या, वॉरंटी मी देतो." मी चिठ्ठीवर तयार झालो. मग पेटी गोडाऊनमधून येते म्हणून त्याने मला दीड तास बसवून ठेवलं. साकोलीहून आमच्याकडे येणारी शेवटची गाडी गाठायची तर नागपुरातून कधी निघावं लागतं, हे त्याने चहा पाजताना माझ्याकडूनच काढून घेतलं होतं. पेटी आली तेव्हा माझ्याकडे दहा मिनिटं उरली होती. मी सील तोडायला लागलो, तर त्याने हातावर हात ठेवला. "नवी वस्तू इथे काय उघडता, भाऊ? घरी आईच्या हातून नारळ फोडून उघडा. गाडी जाईल तुमची."

१२८ जीबीचं कार्ड १,८००, जास्तीची बॅटरी १,४००, माइकवर लावायची केसाळ टोपी ७००. तीस हजार यूपीआयने दिले, बाकीचे रोख. यूपीआयवर दुकानाचं नाव आलं नाही, कुण्या दुसऱ्याच माणसाचं आलं. तेही मी पाहिलं आणि पुढे गेलो.

रात्री अकराला घरी पोहोचलो. आईने पेटीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. कॅमेरा चालू केला तर पडद्यावर सगळी जपानी अक्षरं. आईने विचारलं, "का लिहून आहे बाबू तेच्यावर?" मला उत्तर देता आलं नाही. भाषा बदलायची जागा रात्री दोनपर्यंत शोधत होतो, ती सापडली नाही कारण ती त्यात नव्हतीच. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या या कॅमेऱ्यात फक्त जपानी असते. सकाळी फोन केला तर मालक म्हणाला, अपडेट केलं की इंग्रजी येईल. अपडेटने येत नाही.

मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. पेटीच्या सीलखाली जुन्या गोंदाचा चिकट पट्टा होता. पहिला फोटो काढला, त्याचा क्रमांक ००००१ यायला हवा, आला ०३८१७. म्हणजे त्या कॅमेऱ्याने आधी कुणाकडे तरी चांगलं काम केलं होतं. पेटीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष असलेलं स्टिकर नव्हतं. वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्या मालावर ते लागतंच, आणि ते नसलं की तो माल कंपनीच्या भारतातल्या वाटेने आलेला नाही हे धरून चालावं. सर्व्हिस सेंटरवर मला तेच सांगितलं, भारतातली वॉरंटी नाही. कंपनीचा यात दोष नाही. आणि ती ७०० रुपयांची केसाळ टोपी या कॅमेऱ्याच्या पेटीतच येते. माझ्या पेटीतून काढून मलाच विकली.

इतकं होऊनही मी कॅमेरा वापरला. पैसे अडकले होते. मेन्यूतल्या जागा पाठ केल्या.

खरा घाव कार्डाने घातला. जानेवारीच्या शेवटी शेजारच्या गावातले एक आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, तलावाच्या पारीवर येऊन बसले. वारा पडला होता. पाणीवाटप कसं व्हायचं, तुडूम उघडायच्या दिवशी काय करायचे, कुणाच्या बांधीला पाणी आधी जायचं, सगळं सांगितलं. शेवटी रोवणीच्या वेळी बाया म्हणायच्या ती गाणी म्हणून दाखवली. दोन तास दहा मिनिटं. कॅमेऱ्यात सगळं होतं, कार्डात अजून जागा दाखवत होता.

घरी लॅपटॉपला लावलं. पहिल्या बेचाळीस मिनिटांपर्यंत सगळं ठीक. त्यापुढच्या फाइलींची नावं दिसत होती, साइज दिसत होती, उघडली की काळा पडदा. गाणी त्याच फाइलींत होती.

ते कार्ड १२८ जीबीचं नव्हतं, १६चं होतं. आतल्या चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. कॅमेरा, मोबाइल, लॅपटॉप सगळे तोच आकडा वाचतात आणि विश्वास ठेवतात. खरी जागा संपली की कार्ड पुढचं नुसतं घेतल्यासारखं करतं, किंवा आधीच्यावर लिहितं. मी फुल एचडी ५० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटवर घेत होतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला सव्वासहा एमबी. १६ जीबीला बेचाळीस मिनिटं, हिशोब बरोबर जुळतो. फोरकेमध्ये १०० एमबीपीएसवर घेतलं असतं तर एकवीस मिनिटांतच संपलं असतं.

एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं एक छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पाहतं. १२८च्या कार्डाला दीड-दोन तास लागतात. लागू द्या. विंडोजमध्ये अस्सल १२८चं कार्ड ११९ दिसतं, त्याने घाबरू नका, ती मोजण्याची रीत वेगळी आहे. पण कार्डावर काहीही महत्त्वाचं घेण्याआधी ही चाचणी करा, आणि ज्या दिवशी आणलं त्याच दिवशी करा. दुकानात ती करता येत नाही, म्हणूनच खोटी कार्डं खपतात.

आजोबांकडे पुन्हा गेलो. ते बोलले, पण थोडंच. गाण्याचं विचारलं तर म्हणाले, "एकदा सांगतलो ना बाबू, आता का सांगू?" त्यांचं चुकलं नाही.

बॅटरीचं थोडक्यात. एप्रिलच्या उन्हात ती फुगली आणि कॅमेऱ्याच्या खाचेत अडकली, काढताना झाकणाची बिजागरी तुटली. वर नाव कंपनीचं होतं, माल नकली.

मार्चमध्येच मी दुकानात परत गेलो होतो. तेव्हा मालकाने मला ओळखलं नाही. चिठ्ठी दाखवली तर म्हणाला, यावर आमचा शिक्का कुठे आहे?

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथून नीट सांगितलं गेलं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी नागपूरला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. मी गोंदियाला अर्ज दिला. पुरावा म्हणून माझ्याकडे काय आहे? यूपीआयच्या व्यवहाराची नोंद, भाव सांगितलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, आणि ती कच्ची चिठ्ठी. वकील म्हणाले, पक्कं बिल असतं तर अर्धं काम झालं असतं. वाचलेल्या १८ टक्क्यांची किंमत मला तिथे कळली.

तुम्ही जाणार असाल तर पहाटेच्या गाडीने जा आणि मुक्कामाची सोय करून जा. तुमची परतीची वेळ कुणाला सांगू नका. सील दुकानातच, त्याच्या समोर तोडा, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या. कॅमेरा चालू करून मेन्यूची भाषा पाहा, पहिल्या फोटोचा क्रमांक पाहा, बुडाचा सीरियल नंबर पेटीशी आणि बिलाशी जुळवा. उघडू देत नसेल तर पैसे न देता जिना उतरा. आणि तलावावर बोलणाऱ्यांना कॅमेऱ्याआधी चांगला माइक लागतो. मी आता दोन हजारांचा कॉलर माइक मोबाइलला लावतो आणि आवाज स्वच्छ येतो.

गोंदियाला दोन तारखा झाल्या, दुकानाकडून कुणी आलं नाही. बचत गटाचा हप्ता आई दर महिन्याला भरते. पुढच्या तारखेला मी कार्ड सोबत नेणार आहे. त्या काळ्या फाइली मी पुसलेल्या नाहीत.