धुक्यापुढे हतबल, पावसात खंबीर : लेसर दुव्याचा वर्षभराचा अनुभव
ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या छापखान्याच्या दोन इमारतींमध्ये चारशे मीटर भरवस्ती असून केबलसाठी खोदकामाची परवानगी मिळेना, म्हणून गच्चीवर लेसर दुवा (तारेऐवजी हवेतून लेसर प्रकाशाने संगणकांची माहिती पाठवणारी जोडणी) बसवून घेतला. पावसाळ्यात त्याने तक्रारीला जागा ठेवली नाही; जानेवारीत मात्र समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुक्यात दिसेनाशी झाली की दुवाही तुटे, कारण धुक्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात. पुरवठादाराने (ही कल्पना आधीच द्यायला हवी होती) नंतर जोडीला रेडिओ दुवा (धुक्यातून सहज पार होणाऱ्या रेडिओ लहरींची जोडणी) दिला, तेव्हापासून काम अडलेले नाही. अतितीव्र लेसरने थेंब बाजूला सारून संदेशाला वाट करून देण्याचा प्रयोग जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रयोगशाळेत यशस्वी केला. आमच्या गच्चीवर मात्र रोज सकाळी भिंगावरचे दव पुसणे आलेच.