दया अर्जाची सरकारी सेवा: मुदती अर्जदाराला, वरच्या टेबलाला नाही

फाशीच्या कैद्याच्या दया अर्जाला, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ ने (लागू १ जुलै २०२४ पासून) वेळापत्रक दिलं. कागदावर ते नेटकं दिसतं. वापरायला घेतलं की फटी दिसू लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने अपील किंवा पुनर्विचार याचिका फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षक कैद्याला कळवतात, त्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे. निकालाच्या तारखेपासून नव्हे. म्हणून ‘कळवल्याची’ तारीख लेखी घ्या. तोंडी निरोपावर राहिलात तर पुढे मुदतीचा वाद ठरलेला. अर्ज कैद्याने, वारसाने किंवा नातेवाइकानेच करायचा आहे. मनोरुग्ण आणि घरच्यांनी टाकलेल्या कैद्याचं काय, याचं धड उत्तर कलमात नाही. ही या सेवेतली सर्वांत वाईट उणीव.

अर्ज आधी राज्यपालांकडे (राज्यघटनेचा अनुच्छेद १६१), त्यांनी फेटाळला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे (अनुच्छेद ७२) करायचा. केंद्राने ६० दिवसांत शिफारस करायची, पण हे दिवस सुरू होतात राज्याचा अभिप्राय आणि तुरुंगातली कागदपत्रं पोहोचल्यावर. राज्याने अभिप्राय किती दिवसांत द्यायचा? मुदत नाही. राष्ट्रपतींच्या निर्णयालाही नाही. निर्णय झाला की मात्र ४८ तासांत कळवायचा. घाई नेमकी तिथेच!

अर्जात फक्त ‘दया करा’ लिहून भागत नाही. वय, मानसिक आजाराचे वैद्यकीय कागद, तुरुंगातली वर्तणूक, कुटुंबाची स्थिती, आणि पुराव्यातल्या त्रुटीसुद्धा जोडा. राष्ट्रपती पुरावा नव्याने तपासू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या केहर सिंग प्रकरणातल्या निकालात (१९८८) स्पष्ट झालं आहे. प्रत्येक कागदाची प्रत आणि तुरुंगाच्या शिक्क्याची पोच जवळ ठेवा. महत्त्वाचा कागद वरपर्यंत गेलाच नाही, हा निर्णयाला आव्हान देण्याचा मान्य आधार आहे. तो सिद्ध करायला पोच लागते.

विलंबावरचा उतारा संहितेत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या शत्रुघ्न चौहान निकालात (जानेवारी २०१४) आहे. अवाजवी, कैद्यामुळे न झालेला उशीर हे फाशीची जन्मठेप करण्याचं कारण ठरू शकतं. नकार कळवणं आणि फाशी यांत किमान १४ दिवस हवेत, मोफत कायदेशीर मदतही हवी. कलम ४७२ राष्ट्रपतींचा निर्णय अंतिम म्हणतं खरं, पण अनुच्छेद ३२ चा, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा, दरवाजा साध्या कायद्याने बंद होत नाही.

जन्मठेपेच्या कैद्यांची वाट वेगळी: कलम ४७३ खालची शिक्षामाफी. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात कलम ४७५ प्रमाणे प्रत्यक्ष १४ वर्षं भोगावीच लागतात. तुरुंगात मिळालेली माफीची सूट त्यात धरत नाहीत. आणि अर्ज खटला चाललेल्या राज्याकडेच द्या. गुन्हा दुसऱ्या राज्यात घडला असला तरी अधिकार शिक्षा सुनावणाऱ्या राज्याचा, हे जानेवारी २०२४ मध्ये बिल्किस बानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे.