मोबाईलवर मराठी लिहायचंय: रोमन अक्षरांतून, की थेट देवनागरी कळांवर?

फोनची भाषा मराठी केली म्हणून कळफलक मराठी होत नाही, आणि कळफलक मराठी करायला फोनची भाषा बदलावी लागत नाही. दोन्ही सेटिंग्ज स्वतंत्र आहेत. पुष्कळ जण एक बदलून दुसऱ्याची वाट पाहत बसतात आणि मग वैतागून सगळं पूर्ववत करतात. खरा निर्णय कळफलकाचा आहे, कारण तो दिवसभर बोटाखाली असतो. म्हणून आधी त्याचंच बोलू.

अँड्रॉइडवरचा जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कळफलक, धरून चालतो, कारण बहुतेकांच्या फोनमध्ये तोच असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘भाषा’ उघडून ‘कीबोर्ड जोडा’ दाबलं आणि मराठी निवडलं की मांडण्यांचे पर्याय समोर येतात. एकात इंग्रजी अक्षरांचाच कळफलक राहतो. तुम्ही रोमनमध्ये लिहायचं आणि जीबोर्डनं त्याची देवनागरी करायची. दुसऱ्यात थेट क, ख, ग आणि काना-मात्रांच्या कळा असतात. तिसरा हस्तलेखनाचा, बोटानं काचेवर गिरवायचा. ज्यांना कळा शोधायच्याच नाहीत अशा वडीलधाऱ्यांसाठी तो उत्तम, पण परिच्छेदभर मजकुराला फार संथ. बोलून लिहिण्याची सोय मराठीत २०१७ पासून आहे आणि छोट्या निरोपाला ती पुरते. मात्र विरामचिन्हं आणि विशेषनामं नंतर हातानंच नीट करावी लागतात. हे दोन पर्याय जोडीला ठेवावेत. मुख्य निवड पहिल्या दोनांतली.

रोमनमधून लिहिण्याचं आकर्षण उघड आहे. इंग्रजी कळफलक सगळ्यांच्या बोटांत बसलेला असतो, नवं काही शिकावं लागत नाही आणि पहिल्या पाच मिनिटांत मराठी वाक्य पडद्यावर उमटतं. ज्याला महिन्यातून चार वेळा वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत त्यानं दुसरीकडे बघूही नये. शिवाय मधेच इंग्रजी शब्द हवा असेल तर वरच्या सूचनांच्या पट्टीत बहुधा रोमन रूपही मिळतं, कळफलक बदलावा लागत नाही.

पण ही पद्धत नियमावर चालत नाही, अंदाजावर चालते. संगणकावरच्या बराहासारख्या साधनात मोठा एल दिला की ळ येणार हे ठरलेलं असतं. फोनवरचं लिप्यंतर तुम्ही लिहिलेल्या अक्षरांवरून कुठला मराठी शब्द जास्त संभवतो ते ठरवतं, आणि स्पेस दाबली की पट्टीतला पहिला शब्द मजकुरात जातो. कुठला शब्द जाणार हे तुम्ही ठरवलेलं नसतं, कळफलकानं ठरवलेलं असतं.

माझं मत ठरलं ते इथेच. बी-ए-एल ही तीन अक्षरं घ्या. बाल, बाळ, बल, बळ हे चारही शब्द तिथे बसतात. के-ए-एल लिहा: काल, काळ, कल, कळ. एम-यू-एल-ई लिहिलं तर मुले आणि मुळे दोन्ही शक्य. ‘काल काळे सरांना कळवलं’ हे साधं वाक्य रोमनमध्ये लिहून बघा. ल आणि ळ या दोघांसाठी रोमनमध्ये एकच एल आहे, तसंच न आणि ण साठी एकच एन. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. पी-आय-के वरून पिक येईल की पीक, हे पट्टीत बघितल्याशिवाय कळत नाही. इतर भाषांत कदाचित हे कमी बोचत असेल. मराठीत ळ आणि ण पावलोपावली लागतात, त्यामुळे इथे दर दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला नजर कळांवरून पट्टीकडे, पट्टीवरून मजकुराकडे जाते. बोट वेगानं चालतं खरं, पण लक्ष सतत मुद्रितशोधनात अडकतं. घाईत नजर चुकली की चुकीचा शब्द तसाच निघून जातो, आणि तो खरा मराठी शब्दच असल्यामुळे खाली लाल रेघही येत नाही.

आडनावांचा त्रास याहून जास्त. काळे, साळवी, मुळे अशा नावांत एक अक्षर बदललं की माणूसच बदलतो. पत्त्यातली गावांची नावं, बोलीतले शब्द, शेतीतले शब्द हे अंदाज बांधणाऱ्या यंत्राला फारसे ओळखीचे नसतात, म्हणून ते जवळचा ओळखीचा शब्द पुढे करतं. मालवणी किंवा अहिराणी लिहिणाऱ्याला तर माझ्या मते हा पर्याय फार दमवतो.

थेट देवनागरी कळफलकात ही अडचण मुळातच येत नाही. ळ हवा तर ळ दाबायचा. पट्टीत सूचना इथेही येतात, पण न बघितल्या तरी चालतं.

‘पण त्यात कळा जास्त दाबाव्या लागतात’ असं नेहमी ऐकू येतं. मोजून बघू. ‘घर’ला दोन कळा, रोमनमध्ये चार. ‘कमळ’ला तीन, रोमनमध्ये पाच, आणि पाच दाबूनही कमल किंवा कमाल पुढे येऊ शकतं. ‘तळमळ’ला चार, रोमनमध्ये सहा. ‘पाणी’ला दोन्हीकडे चार. ‘क्षत्रिय’ला देवनागरीत आठ (क, हलन्त म्हणजे पाय मोडण्याची कळ, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व इकार, य), रोमनमध्ये नऊ. उलट बाजूही आहे. ‘विद्यार्थ्यांना’ला देवनागरीत पंधरा कळा लागतात, रोमनमध्ये तेरा. म्हणजे जोडाक्षरांनी गच्च भरलेल्या शब्दांत रोमन थोडं पुढे, साध्या शब्दांत देवनागरी पुढे. रोजच्या बोलण्यातले बहुतेक शब्द साधे असतात. काही मांडण्यांत ख, घ, थ यांसारखं महाप्राण अक्षर दाबून धरून किंवा शिफ्टनं मिळतं, तिथे एखादी कळ वाढते, तेवढं धरून चालावं.

मांडणी प्रत्येक फोनवर सारखी नसते. कुठे अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं असतात, कुठे इन्स्क्रिप्टप्रमाणे. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ साली प्रमाण मानलेली इन्स्क्रिप्ट ही मांडणी संगणकावरही मिळते. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क च्याच कळेवर शिफ्टनं ख, ग च्या कळेवर घ, त च्या कळेवर थ, ल च्या कळेवर ळ. ज्याला संगणकावरही मराठी लिहायचं आहे त्यानं फोनवर इन्स्क्रिप्ट मिळत असेल तर तीच घ्यावी, एकदाचे कष्ट दोन्हीकडे उपयोगी पडतात. फक्त फोनवरच लिहिणाऱ्याला वर्णमालेचा क्रम लवकर सापडतो.

अडखळण्याच्या जागा मोजक्या आणि ठरलेल्या आहेत.

पहिली ऱ्हस्व इकाराची. वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण लिहायची अक्षरानंतर: आधी क, मग ि. जुन्या टंकलेखन यंत्राची सवय असलेले आधी वेलांटी दाबतात, आणि मग ठिपक्यांच्या गोलावर ती एकटीच लटकलेली दिसते. कळफलक बिघडलेला नसतो, क्रम उलटा झालेला असतो.

दुसरी जोडाक्षरांची. पाय मोडण्याची कळ एकच, ती दोन व्यंजनांच्या मध्ये दाबायची. र, हलन्त, म असं लिहिलं की रफार येतो (र्म), आणि प, हलन्त, र असं लिहिलं की प्र. कृ आणि क्रु यांत गोंधळ करू नये, ऋकाराचं चिन्ह वेगळं असतं.

तिसरी खास मराठीची. ‘दुसऱ्या’ हा शब्द र, हलन्त, य असा लिहिला की ‘दुसर्या’ होतो, आणि हे रूप समाजमाध्यमांवर जागोजागी दिसतं. इथे नुक्त्याचा ऱ लागतो: ऱ, हलन्त, य. बहुतेक कळफलकांवर र दाबून धरला की हा ऱ वर उगवतो. सुऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा सगळीकडे हाच. लिप्यंतरात ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्या’ दोन्ही पट्टीत येऊ शकतात आणि बारीक अक्षरांत फरक पटकन दिसत नाही, हेही मला खटकतं.

ॲप, ॲड यांतला ॲ शोधायला लागतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधीच्या सवयीनं काही जण अ वर चंद्र वेगळा देतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसले तरी आतून ते वेगळे असतात, म्हणून एका रूपानं शोधलं तर दुसऱ्या रूपातला मजकूर सापडेलच असं नाही. कुठलंही एक रूप धरून तेच कायम वापरावं, शक्यतो एकसंध ॲ.

देवनागरी कळफलकाचा खरा तोटा कळांच्या आकारात आहे. कळा संख्येनं जास्त म्हणून बारीक, आणि जाड अंगठ्याला शेजारची कळ लागते. जीबोर्डच्या ‘प्राधान्ये’ विभागात कळफलकाची उंची वाढवता येते. ती एक-दोन पायऱ्या वाढवली की पुष्कळ फरक पडतो, मजकुराची एखादी ओळ झाकली जाते इतकंच. दुसरा तोटा म्हणजे इंग्रजी शब्दासाठी कळफलक बदलावा लागतो. पृथ्वीगोलाची कळ दाबली की पुढची भाषा येते, आणि स्पेसबार दाबून धरला की सगळ्या भाषांची यादी. यादीत फक्त मराठी आणि इंग्रजी ठेवावी. हिंदीही असेल तर दर वेळी एक कळ जास्त दाबावी लागते, आणि हिंदीच्या शब्दसंग्रहातल्या सूचना मराठीत घुसल्यासारख्या वाटतात.

आता फोनच्या भाषेचं, म्हणजे मेनू आणि सूचना कुठल्या भाषेत दिसाव्यात याचं. साध्या अँड्रॉइडवर ते सिस्टम विभागातल्या ‘भाषा’मध्ये असतं, सॅमसंगवर ‘जनरल मॅनेजमेंट’मध्ये, शाओमीवर ‘ॲडिशनल सेटिंग्ज’मध्ये. मराठी जोडून ती यादीत ओढून सर्वांत वर न्यायची, इंग्रजी दुसऱ्या क्रमांकावर राहू द्यायची, म्हणजे ज्या ॲपला मराठी येत नाही ते इंग्रजीत उघडतं. बदलण्याआधी त्या पानापर्यंतचा रस्ता चिन्हांवरून लक्षात ठेवावा, परतायची वेळ आली तर शब्द ओळखीचे नसतील.

घरातल्या ज्या माणसाला इंग्रजी वाचताना अडखळायला होतं त्याच्या फोनला मराठीच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परवानगी मागणारी खिडकी काय विचारते आहे हे कळणं सुरक्षेसाठीही गरजेचं आहे. इतरांनी एक गोष्ट तपासून घ्यावी, ती म्हणजे अंक. भाषांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण माहितीत मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ अंक धरलेले आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी. त्यामुळे फोन मराठी केला की घड्याळ, तारखा, रकमा देवनागरी अंकांत दिसू लागतात, जे फोन हिंदी केल्यावर होत नाही. दिसायला ते छानच दिसतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा ॲप बनवणाऱ्यानं फोनच्या भाषेतला आकडा जसाच्या तसा पुढे पाठवलेला असतो. समोरच्या सर्व्हरला १२०० कळत नाही आणि ‘रक्कम चुकीची’ असा संदेश येतो, किंवा पान पुढेच सरकत नाही. एखादं पैशांचं ॲप मराठी फोनवर विनाकारण अडत असेल तर आधी हा संशय घ्यावा. २०२२ सालच्या अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते: भाषेच्याच विभागात ‘ॲप भाषा’ उघडायची आणि तेवढं ॲप इंग्रजीत टाकायचं. ज्या ॲपनं ही सोय दिलेली नाही ते त्या यादीत दिसत नाही. अशा ॲपवर रोजचं काम अवलंबून असेल तर फोन इंग्रजीत आणि कळफलक मराठीत ही जोडी बरी.

कळफलक निवडताना दोन्ही मांडण्या काही दिवस शेजारी ठेवायला हरकत नाही. पण दोन्ही राहिल्या की घाईच्या वेळी बोट रोमनकडेच वळतं आणि देवनागरी कळांच्या जागा कधी पाठ होत नाहीत. म्हणून ज्याला रोज मराठी लिहायचं आहे त्यानं आठवडाभरात लिप्यंतर यादीतून काढून टाकावं असं मी सुचवेन. पुढचा आठवडा-दोन आठवडे वेग निम्म्यावर येईल, तो परत मिळतो. त्या काळात जीबोर्डच्या ‘शब्दकोश’ विभागातल्या वैयक्तिक शब्दकोशात मराठीखाली आपल्या गावाची, घरच्यांची, कामातली नावं घालून ठेवावीत. प्रत्येकाला दोन अक्षरांचा शॉर्टकटही देता येतो. आणि पट्टीत एखादं अशुद्ध रूप वारंवार डोकावत असेल तर ते दाबून धरून कचऱ्याच्या चिन्हाकडे ओढावं, पुन्हा सहसा येत नाही.